सात माद्या, अठरा पिल्लं

चुल्पा उमा,
गुरुवार, २९ फेब्रुवारी १९९६

प्रिय एलोय,

अनेक आशीर्वाद. तू, नोएमी आणि छोटी दायाना ओरुरोत खुशाल असाल अशी आशा आहे. आम्ही तिघंही धरणीमातेच्या कृपेनं बरे आहोत.

आजची तारीख बघितलीस का? चार वर्षांतून एकदा येणारा हा दिवससुद्धा वेळेवर आला. तू नाही आलास.

पत्राची सुरुवात भांडणानं करू नये, असं आई म्हणते आहे. ती शेजारी बसून चुलीत वाळक्या लेंड्या सरकवते आहे. तिला वाचता येत नाही, पण माझ्या हाताकडे बघून मी काय लिहिते ते तिला बरोबर कळतं. म्हणून आधी बातम्या देते.

पाऊस उशिरा आला, पण आला. कुरण हिरवं आहे. जानेवारीत कोल्ह्यानं एक पिल्लू नेलं, ते आईच्या खुणेचं होतं. आपला नर लामा, कॅप्टन, आता म्हातारा झाला. माद्या समोर उभ्या असतात आणि हा पाय दुमडून रवंथ करत बसतो. म्हणून खिंडीपलीकडच्या वालेरियोचा नर पंधरा दिवसांसाठी मागून आणला. नराबरोबर वालेरियोही आला. चांगली मदत झाली. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

कार्निव्हलच्या मंगळवारी कानखुणा झाल्या. तू यायचा होतास. कुमारी मातेला तू तीन वर्षं नाचायचा नवस बोललास, ते आम्ही मानलं; नवस तो नवस. पण हे चौथं वर्ष होतं. माझ्या समजुतीप्रमाणे नवस फिटला की मुखवटा खाली ठेवतात. तू मात्र सैतानाची शिंगं लावून ओरुरोच्या रस्त्यावर नाचत होतास आणि इथे मी एकटी पिल्लांच्या तंगड्या धरत होते. एका पिल्लाची लाथ अजून हनुवटीवर निळी आहे. प्राक्सेदेस मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "यंदाही धाकटा नाही का?" आईनं सांगितलं, टायरच्या दुकानात काम फार. मावशी म्हणाली, कार्निव्हलमध्ये टायर कोण बदलतं.

बाबा ठीक आहेत. पहिला घोट जमिनीला द्यायचा, तो त्यांनी आईच्या पायावर ओतला. आई म्हणाली, असू दे, पाय तरी पवित्र झाले. वय झालं आता, एवढंच.

तुझ्या सातही माद्या सुखरूप व्यायल्या. यंदा तुझ्या खुणेची अठरा पिल्लं आहेत, सगळ्यांच्या डाव्या कानाला टोकाशी खाच, सगळी ठणठणीत. तुला आनंद होईल म्हणून मुद्दाम कळवते.

माझं म्हणशील तर मीही बरी आहे.

उत्तर सेवेरोकाकांच्या लॉरीबरोबर पाठव. ते गुरुवारी संध्याकाळी येतात आणि शुक्रवारी सकाळी परत ओरुरोला जातात. तू विसरला असशील म्हणून लिहिलं.

तुझी ताई,
नेमेसिया

ता. क. आकडा लिहिताना माझी चूक झालेली नाही. सात माद्या, अठरा पिल्लं.


चुल्पा उमा,
गुरुवार, १६ मे १९९६

एलोय,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की तू चेष्टा करतो आहेस.

"अठरा म्हणजे धरणीमातेची कृपाच की गं ताई. त्यातली दोन कापून मांस खारवून, वाळवून पाठव. दायानाच्या जावळाला पाहुणे येणार आहेत." हे तुझे शब्द. मी ते आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ हसली आणि मग उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. धुरानं झाले, म्हणाली. चूल तर घरात होती.

अरे शहाण्या, लामा म्हणजे काय डुकरीण आहे? साडेअकरा महिने पोटात वागवते आणि एक पिल्लू देते. एक. तू आठ वर्षांचा होतास तेव्हा तुझ्या मांडीवर पिल्लू जन्मलं आणि त्याचं नाक पुसायला तू स्वतःची टोपी वापरलीस. आईनं तुला त्या टोपीवरून मारलं होतं. आज तोच तू सात माद्यांची अठरा पिल्लं ऐकतोस आणि तुला एवढंही विचारावंसं वाटत नाही की बाकीची अकरा कुठून आली. मी पत्रात दोनदा लिहिलं होतं. ओरुरोतल्या टायरमध्ये हवा किती हे तुला कळतं, एवढंच आता तुझ्यात उरलं का?

अकरा माझी आहेत.

आता सगळं सांगते. मध्येच पत्र घडी घालून ठेवू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

कानखुणा कशा होतात ते तुला आठवत असेल असं मी आता धरून चालत नाही. पिल्लू धरून बाबांपुढे न्यायचं. ते कुणाचं, हे कुणी सांगायचं नाही. बाबा कुंपणापाशी हुंकारणाऱ्या त्याच्या आईकडे बघतात, तिच्या कानात कुठल्या रंगाची लोकर बांधली आहे ते बघतात आणि सुरी चालवतात. हिरवी लोकर म्हणजे तुझं, डावा कान. गुलाबी म्हणजे माझं, उजवा कान. ज्याला आपला कळप विचारून ओळखावा लागतो त्यानं सुरी धरू नये, हे आपल्या बाबांचंच वाक्य. आपण लहानपणापासून ऐकत आलो.

तुझी सात झाली. मग मी माझं पहिलं पिल्लू नेलं. त्याची आई चार हातांवर उभी होती आणि तिच्या कानात मी आदल्या दिवशीच बांधलेली नवी गुलाबी लोकर होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पिल्लाचा डावा कान धरला.

मी बोलले नाही.

बोलले असते तर लामांच्या वाडग्याभोवतीच्या वीस माणसांना कळलं असतं की बाबांना दिसत नाही. हो, दिसत नाही. दोन वर्षं झाली कमी कमी होत आलंय. पायवाटेवर ते माझ्या मागे माझ्या पावलांच्या आवाजानं चालतात आणि मी मुद्दाम खडे उडवत चालते. तुला लिहू नकोस, अशी त्यांनी शपथ घातली होती. ती आज मोडली. त्यांच्या हातून सुरी गेली तर त्यांच्यापाशी राहतं काय? मला वाटलं, एक गेलं तर जाऊ दे. दुसरं नेलं. त्याचाही डावा कान. तिसरं नेलं. मग मध्येच बोलायचं तरी कसं? अकराही मी माझ्या हातांनी नेऊन दिली. आणि कापलेला कान काही परत उगवत नाही.

लोकांना वाटलं, मी दिली. "केवढं मन आहे पोरीचं, भावाला अकरा देऊन टाकली," असं प्राक्सेदेस मावशी म्हणाली आणि त्यावर सगळ्यांनी एकेक घोट घेतला. मीही घेतला.

वालेरियोही तिथेच होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. पंधरा दिवस आम्ही माद्या लावत होतो. नर-मादी बसली की दोन्हीकडून दोर धरून उभं राहायचं, अर्धा तास, कधी पाऊण तास. बोलायला काहीच नसतं आणि बघायचं तरी कुठे हाही प्रश्नच. नवव्या दिवशी तो डोंगराकडे बघत म्हणाला, "माझ्याकडचं कुरण मोठं आहे. एकट्याला पुरून उरतं." मी म्हटलं, बघू. रात्री जेवताना आई म्हणाली, "नको असला तर मादीसुद्धा नरावर थुंकते. तू नऊ दिवसांत एकदाही थुंकली नाहीस." बाबा हसले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

मी अडतीस वर्षांची आहे, एलोय. मला पुन्हा कुणी कुरण किती मोठं आहे ते सांगायला येणार नाही.

तर त्यानं काय बघितलं? ज्या बाईला त्यानं विचारलं, ती आपली सगळी पिल्लं भावाच्या खुणेला देते आहे. याचा अर्थ इथे एकच होतो. ती माहेर सोडणार नाही. त्याला तो लगेच कळला. त्यानं दोर गुंडाळला, नर सोडला आणि न जेवता खिंडीकडे चालू लागला. आईनं हाक मारली, तरी थांबला नाही.

मी नंतर त्याला खरं काय ते कळवलं आणि सप्टेंबर अखेरपर्यंत थांब म्हटलं. त्यानंतर माद्या जड होतात, खिंड चढत नाहीत. त्याचं उत्तर आलं, "बरं." एवढंच. मोठा बोलका माणूस मिळालाय मला.

आता तुझं काम. ये. एक दिवस ये. मालकानं स्वतः चारचौघांत लोकर बांधली तर ती कानाच्या खुणेपेक्षा वरचढ ठरते, हा रिवाज तुलाही माहीत आहे. अकरांच्या कानात गुलाबी लोकर बांध आणि सांग की ही माझ्या ताईची. नाहीतर मी त्यांना घेऊन निघाले की वाटेतल्या प्रत्येक वाडग्यावर लोक कान बघतील आणि म्हणतील, बघा, भावाचे लामा पळवून लग्न करायला चालली. आणि त्यांना सोडून निघाले तर त्यांच्या आया चार पावलं चालणार नाहीत, अजून दूध पाजतात. तेव्हा यायलाच हवं.

बाबांना यातलं काही माहीत नाही. मांस पाठवणार नाही. दायानाचे केस तसे वाढू देत थोडे दिवस.

तुझ्या अठरांची राखण करणारी,
नेमेसिया


चुल्पा उमा,
गुरुवार, १९ सप्टेंबर १९९६

प्रिय एलोय,

काळा चष्मा मिळाला. बापाला दिसत नाही असं बहीण कळवते तर मुलगा गॉगल पाठवतो. बाबा मात्र खूश आहेत. दिवसभर लावतात. आधी नुसतं दिसत नव्हतं, आता ऐटीत दिसत नाही. परवा करड्या मादीच्या वाटेत आले, ती थेट काचेवर थुंकली. बाबांनी विचारलं, "पाऊस आला का?" आई आणि मी भिंतीला धरून हसलो. तेवढ्यासाठी तुझे आभार.

बाकी तुझ्या पत्राबद्दल काय लिहू. "हल्ली कानाबिनाचं कोण मानतं?" असं लिहितोस. इथे सगळे मानतात. इथे तेवढंच मानतात. आणि "ऑक्टोबरात नक्की येतो." ऑक्टोबरात माद्यांची पोटं जमिनीला टेकायला येतील, हेही मीच सांगायचं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुला छान जमतं.

मी तुझी वाट बघणं सोडलं आणि गेल्या रविवारी बाबांशी बोलले. ते वाडग्याच्या भिंतीला टेकून उन्हात दोर वळत होते. दोर वळायला त्यांना डोळे लागत नाहीत. मी जवळ बसले आणि म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय."

"अकरांचं का?" ते म्हणाले.

त्यांचे हात चालूच होते.

"पहिल्याला मी चुकलो," ते म्हणाले. "हिरवी काय, गुलाबी काय, मला सगळं धुरासारखं. पण दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कळलं. ही तर तुझी मऊ जात. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या नावानं जी मादी सोडली तिची. माझा हात तिला ओळखणार नाही होय?"

"मग उजवा कान का नाही धरला?"

"उजवा धरला असता तर पहिला चुकला हे सगळ्यांना कळलं असतं. तू गप्प होतीस. मी म्हटलं, पोरीनं माझी लाज राखायची ठरवलीय, आता आपण अडखळू नये. दर पिल्लाला वाटायचं, आता बोलेल. आता बोलेल."

"मला वाटलं, तुम्हाला कळतच नाही."

"आणि मला वाटलं, तू राहणार आहेस." मग त्यांचे हात थांबले. "मला त्याचं बरं वाटलं, नेमेसिया. तेही आता सांगून टाकतो."

मला इतका राग आला की मी उठून गेले. तासभर कुरणाच्या कडेला लेंड्या गोळा करत होते, गरज नसताना. राग कुणाचा ते ठरेना. त्यांचा, माझा, तुझा, वीस माणसांचा. आम्ही दोघं एकमेकांची अब्रू राखत राखत अकरा कान कापून बसलो, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. असा मूर्खपणा फक्त आपल्याच घरात होऊ शकतो. शेवटी पोतं भरलं आणि मी रडले. मग परत आले, कारण चूल पेटवायची होती.

संध्याकाळी बाबांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. ती सुरी होती, आजोबांची, शिंगाच्या मुठीची. "तुझ्या घरी कान तू काप," म्हणाले. मी विचारलं, आणि एलोयला? म्हणाले, "त्याच्याकडे टायरची आहे." ते चेष्टेनं म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही. तू विचारून घे.

आता माझं ठरलंय ते ऐक.

पिल्लं दूध सोडून चारा खायला लागली आहेत. त्यांच्या आयांना आता त्यांच्याशिवाय चालवत नेता येईल. मी माझ्या अकरा माद्या घेऊन जाते. त्यांचे कान उजवे आहेत, लोकर गुलाबी आहे, कुणी काही म्हणू शकत नाही. अकरा पिल्लं तुझी. मी देते. कार्निव्हलला दिली नव्हती, तोंड मिटून बसले होते. आज उघड्या तोंडानं देते. रविवारी जेवताना प्राक्सेदेस मावशीला बोलावून तिच्यासमोर तसं म्हटलंही. ती म्हणाली, "अगं, ती तर तू केव्हाच दिलीस." मी म्हटलं, तेव्हा नाही, आत्ता. तिला काही कळलं नाही. बाबांना कळलं. काळा चष्मा काढून ते पुसत बसले.

म्हणजे कळपातली सगळ्यात चांगली पिल्लं आता तुझ्या खुणेची आहेत. आणि ती चारायला बाबा आहेत ज्यांना दिसत नाही, आणि आई आहे जिचे गुडघे पळत नाहीत. तुर्को गावच्या नर्सबाईंनी बाबांचे डोळे बघितले. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. ओरुरोत काढतात, म्हणाल्या. तुझ्या गावात, एलोय. चार वर्षं तू ज्या गावात नाचतोस त्याच गावात. मला हे आधी माहीत असतं तर मी त्यांना पाठीवर घेऊन आले असते. आता ते तू करायचं. कान तुझे झाले, डोळेही तुझेच. यात मी आता घासाघीस करणार नाही.

हे पत्र उद्या सकाळी सेवेरोकाकांबरोबर निघेल आणि संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. मी त्यांना सांगितलंय, दुकानात देऊ नका, हातात द्या. लॉरी पुढच्या गुरुवारी, २६ तारखेला परत इथे येते. वालेरियो शुक्रवारी येईल. शनिवारी पहाटे आम्ही निघू. तू आलास तरी, नाही आलास तरी. मी हे रागानं लिहीत नाही. राग लेंड्यांच्या पोत्यात भरून झाला.

एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. गुरुवारी लॉरीचा आवाज आला की आई भांड्यात आणखी एक मूठ टाकते. चार वर्षं, दर गुरुवारी, चौघांचं रांधते. मी कितीदा सांगितलं, तिघांचं कर. म्हणते, असू दे, थंडी आहे, टिकतं. टिकतं खरं. तो चौथा वाटा शुक्रवारी सकाळी मी खाते, तिला भांडं रिकामं दिसावं म्हणून.

शनिवारपासून तो खायला मी नसेन.

तुझी ताई,
नेमेसिया